घरातल्या एलईडी दिव्याखाली रोपं खुंटली? आधी हे तपासा
टोमॅटो-मिरचीचं बी उगवतं, दोन पानं येतात आणि पुढे आठ-दहा दिवस रोप तिथल्या तिथेच. अशा वेळी बहुतेक जण खत वाढवतात. नेमकं तेच टाळा. मुळं आधीच अडचणीत असतील तर जादा क्षारांनी ती आणखी बिघडतात.

सुरुवात ट्रे उचलून करा. पाणी देऊन दोन दिवस झाले तरी जड लागत असेल, तर मुळांना हवा मिळत नाहीये. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम-पोटॅशियमचे क्षारही असतात. खालून निथळलेलं पाणी टीडीएस मीटरने मोजा. इथे एक गोची आहे: मीटर मुळात ईसी मोजतो आणि तिला ५०० किंवा ७०० ने गुणून पीपीएम दाखवतो. त्यामुळे एकच पाणी दोन मीटरवर वेगळं दिसतं. शक्यतो ईसीच वाचा. कोवळ्या रोपांना १ च्या आत बरी.

मग प्रकाश. रोप लांबुडकं, बारीक असेल तर प्रकाश कमी पडतोय. बुटकं आणि पानं फिकट, वर वळलेली असतील तर दिवा जरा वर घ्या. जांभळ्या ग्रो लाइटसाठी मोबाईलचं लक्स ॲप कुचकामी. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप, त्यात लाल-निळा प्रकाश फार कमी मोजला जातो.

टोमॅटोच्या पानांखाली जांभळट छटा दिसली आणि ट्रे थंडीत गार फरशीवर असेल, तर तो आधी उचलून लाकडी फळीवर ठेवा. मुळं गार पडली की फॉस्फरस नीट घेतला जात नाही.

कोड डीबग करतो तसंच, एका वेळी एकच बदल करा आणि पाच-सहा दिवस थांबा. फरक नव्या पानात दिसेल. जुनी पानं सुधारत नाहीत.