युद्धकाळाचा ड्रम आणि कल्याण कॅम्प

१९४२ साली अमेरिकेच्या युद्धोत्पादन मंडळाने वाद्यांच्या कारखानदारांवर एक हुकूम बजावला, आणि त्यान्वये वाद्याच्या एकूण वजनात युद्धोपयोगी धातूचा अंश १० टक्क्यांहून अधिक ठेवण्यास मनाई झाली. ज्या वाद्याचे कातडे ताणून धरणारे मळसूत्री खिळे, ते खिळे बसविण्याचे कान, आणि पायाने टोला देण्याचे यंत्र ही सारी धातूचीच असत, त्या नृत्यसंगीताच्या ड्रमला हे फर्मान प्राणांतिक ठरावयाचे; परंतु तेथील कारागिरांनी हार न मानता कानांच्या जागी शिसवी ठोकळे बसविले, कडी लाकडाची केली, कित्येक ठिकाणी तर पायाचे यंत्रही लाकडातून घडविले. स्लिंगरलँडने आपल्या संचाला ‘रोलिंग बॉम्बर’ म्हटले, विल्यम लुडविग यांच्या डब्ल्यूएफएलने ‘व्हिक्टोरियस’, लीडीने ‘ड्रेडनॉट’. आज संग्राहक या लाकडी संचांच्या शोधात असतात, आणि ‘युद्धकालीन ड्रम’ म्हणजे हाच, असा समज रूढ झाला आहे. असा संच आज नव्याने जुळविताना ठाणे जिल्ह्याच्या इतिहासाशी प्रामाणिक राहू इच्छिणाऱ्याने मात्र हा समज बाजूस ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

कारण युद्ध या जिल्ह्यातही आले होते, पण निराळ्या रूपाने. कल्याणलगतच्या माळावर सरकारने लष्करी संक्रमण छावणी वसविली. सुमारे ६,००० सैनिक आणि ३०,००० इतर माणसे सामावतील अशा बेताने तेथे दोन हजारांहून अधिक बराकी उभ्या राहिल्या, आणि त्यांतील बहुतेकींच्या मध्यभागी एक प्रशस्त दालन व दोन्ही टोकांना खोल्या, अशी रचना होती. जवळच नेवाळी येथे शेतकऱ्यांच्या जमिनी ताब्यात घेऊन विमानांची धावपट्टी बांधण्यात आली. त्या जमिनींचा वाद २०१७ च्या जूनमध्ये आंदोलनाच्या रूपाने पुन्हा पेटला, यावरून त्या काळाचे हिशेब अजून चुकते झालेले नाहीत हे ध्यानात यावे. युद्ध संपले, छावणी ओस पडली, फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबांनी त्या बराकींत संसार मांडले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. तरीही तेथील रहिवासी आपला पत्ता आजही ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतो.

या छावणीच्या काळात नृत्यसंगीताचे माहेर होते मुंबई, आणि विजेच्या गाडीने कल्याण मुंबईशी तेव्हाच जोडले गेले होते. १९३५ साली लिऑन ॲबी यांनी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात आणला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. १९३९ पासून मिकी कोरिया यांचा बँड तेथे दोन दशके वाजत राहिला. या बँडांचा कणा होते गोमंतकीय वादक, ज्यांनी गावच्या चर्चच्या संगीतशाळेत स्वरलिपीचे धडे घेतले होते आणि मुंबईत येऊन धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावच्या कूडांत, म्हणजे सामायिक निवासांत, बिऱ्हाड केले होते. त्यांच्या हाती कोणता ड्रम असणार? १९४० पासून हिंदुस्थान सरकारने आयातीवर परवान्यांचा अंमल बसविला होता. त्याच वर्षी लंडनमधील प्रीमियर या ड्रम बनविणाऱ्या कंपनीचा कारखाना बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त होऊन तिला लेस्टरकडे बिऱ्हाड हलवावे लागले. आणि जहाजांत जागा होती ती दारूगोळ्याला व धान्याला. अशा स्थितीत शिसवी कानांचा नवा अमेरिकन संच मुंबईच्या नृत्यगृहात शोधणे व्यर्थ होय. येथला युद्धकालीन ड्रम म्हणजे युद्धापूर्वी आलेला, ठिगळे लावून, कडी बदलून, सुताराकडून व लोहाराकडून दुरुस्त करवून घेत सहा वर्षे निभावलेला ड्रम. त्या टंचाईशी इमान राखणे हीच खरी अचूकता.

तेव्हा असा संच जुळवावयाचा तर प्रथम २६ किंवा २८ इंच व्यासाचा, १४ इंच खोलीचा बास ड्रम मिळवावा, कारण आजचे आटोपशीर बास ड्रम त्या काळाला परके आहेत. १४ इंच व्यासाचा, साडेसहा इंच खोलीचा स्नेअर; एक लहान टॉम आणि एक मोठा; जुन्या वळणाचा वादक असेल तर रंगीत, खिळ्यांनी कातडे ठोकलेला चिनी टॉमही चालेल. हाय-हॅट प्रचारात येऊन तेव्हा दशकभराहून अधिक काळ लोटला होता, म्हणून तिला जागा द्यावी. झांजा मात्र लहान व पातळ घ्याव्या, इस्तंबूलच्या झिल्जान घराण्याच्या मिळाल्या तर उत्तमच. जड, रुंद झांज युद्धोत्तर काळाची आहे.

खरी कसोटी कातड्याची. प्लॅस्टिकचे पडदे बाजारात आले ते १९५७ च्या सुमारास. तत्पूर्वी असे ड्रम बहुधा वासराच्या कातड्याने मढविलेले असत. कातडे भिजवावयाचे, लाकडी कड्याभोवती त्याची कड आत मुडपून घ्यावयाची, आणि सावकाश सुकू द्यावयाचे: ही क्रिया आपल्याकडील तबला-पखवाजाच्या कारागिराला सांगावीच लागत नाही. तो शेळीचे कातडे पुढे करील. ते पातळ असते, त्याचा नाद काहीसा तीक्ष्ण येतो, तथापि मी ते निःसंकोच स्वीकारीन, कारण ज्या वादकाला विलायती कातडे मिळेनासे झाले त्याच्यापुढे नजीकचा मार्ग तोच होता. ठाण्याच्या पावसाळ्यात कातडे ढिले पडते आणि ड्रम मुका होतो. याकरिता त्या काळचे वादक बास ड्रमच्या पोटात विजेचा दिवा ठेवीत. त्याच्या उष्णतेने कातडे कोरडे राही, आणि पुढल्या पडद्यावर देखावा रंगविला असेल तर तोही प्रकाशून निघे. कोकणपट्टीत संच बसविणाऱ्याने हा दिवा वगळू नये. येथे तो शोभेचा नाही.

संच जुळला म्हणजे नादाचा प्रश्न उरतो. इंग्रज गेले, १९५० पासून मुंबई राज्यात दारूबंदीचा अंमल कडक झाला, नृत्यगृहे ओसरली, आणि तेथले वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांकडे वळले. संगीतकार सी. रामचंद्र यांनी ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांना साहाय्यक म्हणून हाताशी धरले, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तर चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरच अवतरले. त्याच पिढीतील कावस लॉर्ड यांनी पाश्चात्त्य तालवाद्यांना चित्रपटसंगीतात मानाचे स्थान मिळवून दिले. कातडे किती ताणावे, स्नेअरची तार किती सैल सोडावी, याचा निर्णय करताना विलायती पुस्तकांपेक्षा याच ध्वनिमुद्रिका प्रमाण मानाव्या. त्यातही १९५० च्या आगेमागेच्याच घ्याव्यात; १९५७ नंतरच्या मुद्रिकांत कातडे कोणते आणि प्लॅस्टिक कोणते याचा भरवसा देता येत नाही.