कर्णयंत्र आणि तान्ह्या मुलाची बोली

रत्नागिरीचा मनुष्य एके काळीं मुंबईस आगबोटीनें जाई आणि भाऊच्या धक्क्यावर उतरे. तेथून फार दूर नाहीं अशा माझगांवांत १८८४-८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानें हिंदुस्थानांतील बधिर मुलांची पहिली शाळा निघाली. त्या काळीं कोंकणांतल्या आईबापांपुढें दोनच वाटा होत्या: मुलाला बोटींत बसवून परक्या शहरांत ठेवावें, किंवा ‘मुका’ म्हणून घरींच वाढवावें. कोणतीहि वाट धरली तरी शाळेचें वय येईपर्यंत भाषा शिकण्याचीं पहिलीं वर्षें सरून गेलेलीं असत. ‘मूकबधिर’ या जोडशब्दांत मूकपणाला पहिला मान मिळाला आहे. वस्तुतः तो बधिरपणाचा केवळ परिणाम, आणि तोहि टाळतां येण्यासारखा.

माझगांवची शाळा निघण्यापूर्वीं थोडींच वर्षें, १८८० सालीं, इटलींतील मिलान येथें बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. तिनें तोंडी बोलण्यालाच श्रेष्ठत्व देऊन खुणांच्या भाषेला शाळेबाहेर घालविलें. १६४ प्रतिनिधींत बधिर असा एकच होता! या ठरावाबद्दल त्याच परंपरेंतील परिषदेनें व्हँकूव्हर येथें खेद व्यक्त केला तो २०१० सालीं. दरम्यानच्या काळांत अनेक देशांतल्या मुलांचे हात बांधल्यासारखे झाले आणि त्यांना ओठ वाचावयास लावण्यांत आलें. पण ओठ तरी किती सांगणार? ‘पाय’, ‘बाय’ आणि ‘माय’ हे तीन शब्द ओठांवर सारखेच दिसतात. ‘क’ आणि ‘ग’ तर घशाशींच होतात, ते दिसतच नाहींत.

कानाला साहाय्य देण्याचे प्रयत्न दुसरीकडे चाललेच होते. कर्ण्याच्या आकाराचीं नळकांडीं जाऊन विजेचीं यंत्रें आलीं. १९०२ च्या राज्यारोहणप्रसंगीं राणी अलेक्झांड्रा हिनें हचिसन या अमेरिकनाचें असें यंत्र वापरलें. पुढें निर्वात नळ्यांचीं यंत्रें झालीं, पण त्यांच्या बॅटऱ्यांचें ओझें लहान मुलाला झेपण्याजोगें नव्हतें. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर आल्यावर हें ओझें कमी झालें. तरीहि छातीवर टांगलेल्या डबीला मुलाच्या झबल्याचें घासणें आईच्या शब्दांइतकेंच मोठें ऐकूं येई. कानामागें बसणारीं यंत्रें प्रचारांत आलीं, आणि १९९६ पासून अंकीय यंत्रें मिळूं लागलीं. ज्या पट्टींतले ध्वनि मूल ऐकत नाहीं तेवढेच तीं वाढवूं शकतात.

मराठी घराला याचें महत्त्व मोठें आहे. समुद्राची गाज खालच्या पट्टींत असते आणि पुष्कळ बधिर मुलांना ती थोडीफार कळते. ‘स’ मात्र उंच पट्टींतला आणि दुबळा. ‘गेलास’, ‘आलीस’, ‘जेवतोस’ या रूपांतला शेवटचा ‘स’ ज्याला ऐकूं येत नाहीं, त्याला समोरच्याशीं बोलण्याचें अर्धें व्याकरणच हरवतें.

खरी अडचण यंत्राची नसून वेळेची होती. पाठीमागें ताट वाजवून पाहण्याची घरगुती परीक्षा फसवी आहे; मूल कंपानें किंवा सावलीनेंहि वळतें, आणि घरचीं माणसें निश्चिंत होतात. १९७८ सालीं लंडनच्या डेव्हिड केम्प यांनीं दाखविलें कीं, निरोगी अंतःकर्ण स्वतःच क्षीण प्रतिध्वनि बाहेर टाकतो. यावरून झोपलेल्या तान्ह्याचीहि परीक्षा घेतां येऊं लागली. १९९८ सालीं कोलोरॅडोंतील योशिनागा-इटानो यांच्या अभ्यासानें, सहा महिन्यांच्या आंत दोष कळून लगेच साहाय्य मिळालेलीं मुलें भाषेंत पुष्कळ पुढें राहतात, हें स्पष्ट केलें. महाराष्ट्रांत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ मध्यें निघाली. बालकांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारींत पालघर येथें सुरू झाला, त्यांत जन्मजात बधिरत्वाचा समावेश आहे.

यंत्र कानांत बसलें म्हणजे भाषा आली, असें मात्र होत नाहीं. लॉस एंजेलिसच्या लुईज ट्रेसी यांनीं आपल्या बधिर मुलाला घरींच शिकविलें, १९४२ सालीं आईबापांसाठीं संस्था काढली आणि पुढें पत्रद्वारें दूरच्या आयांनाहि धडे पाठविले. भाषा घरांत, भात कालवतांना आणि वेणी घालतांना शिकली जाते, हें त्यांनीं ओळखलें होतें. सोबत खुणांची भाषा शिकविल्यानें बोलणें मागें पडेल ही भीति मिलानच्या ठरावाचाच अवशेष म्हटली पाहिजे.

रत्नागिरींत घरच्या कामांत पावसाचीहि भर पडते. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखांत घाम आणि दमट हवा यंत्रांत शिरते. तें रात्रीं ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या डबींत ठेवावें लागतें. तान्ह्याचा कान वाढतो, सांचा सैल होऊन शिट्टी वाजूं लागते, आणि कांहीं महिन्यांनीं नवा करावा लागतो. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर मुंबईची खेप एका दिवसाची झाली, एवढी सोय खरी.

रोज सकाळीं करावयाची एक परीक्षा डॅनियल लिंग यांनीं सुचविली आहे. तोंड झांकून किंवा मुलाच्या मागें बसून आईनें सहा ध्वनि उच्चारावयाचे: आ, ऊ, ई, म, श, स. सहाहि मराठी वर्णमालेंतले. मुलानें ध्वनि ऐकला कीं एक चिंचोका वाटींत टाकावा. पांच चिंचोके पडले आणि ‘स’ चा हातांतच राहिला, तर प्रथम बॅटरी पाहावयाची, मग सांच्याच्या नळींत दंव सांठलें आहे काय तें.