नीलवंत (राणी पाकोळी)

पॅपिलिओनिडी कुलातील हे फुलपाखरू (शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर) दक्षिण भारत, सह्याद्री व श्रीलंका येथे आढळते. पीटर क्रामर या डच कीटकशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यास राज्य फुलपाखराचा दर्जा जाहीर केला; असा मान फुलपाखराला देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिलेच राज्य होय.

आकाराने ते भारतातील मोठ्या फुलपाखरांत मोडते. पंखविस्तार सुमारे १२ ते १५ सेंमी. पंखांचा रंग मखमली काळा. पुढील पंखांवर निळसर पट्ट्यांची रांग आणि मागील पंखांचा बहुतेक बाह्यभाग फिकट निळा असून त्यावर काळे ठिपके असतात. पंखांच्या खालच्या बाजूस, मुळाशी, तांबडे ठिपके दिसतात. मादीचा निळा रंग नरापेक्षा फिका असतो. या कुलातील अनेकांच्या मागील पंखांना असते तसे शेपूट यास नसते.

मादी लिंबूवर्गीय वनस्पतींच्या पानांवर एकेक गोल अंडे घालते. रानात माकडलिंबू व किरमिरा, तर परसात लिंबू व पपनस या तिच्या आवडीच्या वनस्पती. अंड्यातून निघालेली अळी पांढऱ्या डागांची, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसत असल्याने, पानावर उघडी बसूनही शत्रूच्या नजरेतून सुटते. पुढे कात टाकत ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून तांबूस, उग्र दर्पाची दुहेरी शिंगे बाहेर काढते. पाचव्या अवस्थेनंतर ती कमरेला रेशमी धाग्याचा पट्टा बांधून कोष करते; भोवतालाप्रमाणे कोष हिरवा वा तपकिरी होतो. अंड्यापासून पंखांपर्यंतचा हा प्रवास साधारणतः महिना-दीड महिन्यात पुरा होतो.

नर चपळ असून उन्हातील रानवाटा, ओढ्यांचे काठ व ओली माती त्याला प्रिय. ओलसर मातीतून तो क्षार शोषतो. पावसाळ्यात व त्यानंतर हे फुलपाखरू अधिक दिसते. जास्वंद, घाणेरी इत्यादी फुलांवर ते बागांतही येते, म्हणून मुंबई परिसरासारख्या दाट वस्तीतही त्याची गाठ पडते.

ठाणे खाडी आणि पारसिक डोंगर यांच्या दरम्यान वसलेल्या, नवी मुंबईतील कोपरखैरणे परिसरातील बोनकोडे गावठाणासारख्या ठिकाणी या जातीच्या अधिवासाचा विचार निराळा करावा लागतो. खाडीकाठची खारफुटी पक्ष्यांना व माशांना कितीही उपकारक असली, तरी लिंबूवर्गीय वनस्पती तीत नसल्याने नीलवंताच्या अळीला तिचा उपयोग नाही. पूर्वेकडील डोंगराची झाडी, आणि गावठाणात घराशेजारी वा कुंडीत जपलेले लिंबाचे झाड, हीच अळीची अन्नभूमी ठरू शकते. नवी मुंबईच्या उभारणीत भातशेतीच्या जमिनी संपादित होऊन घरे दाटली, तेव्हा अशा परसांचे मोल वाढले. परंतु राज्यसन्मान पंखांच्या वाट्यास येतो आणि पाने कुरतडणाऱ्या अळीच्या वाट्यास औषधाची फवारणी येते, हे दुर्दैव होय. जोमदार झाडाला थोड्या अळ्यांचा उपद्रव सहज सोसतो. अगदी कोवळे रोप असेल, तर अळी उचलून जवळच्या मोठ्या लिंबावर ठेवणे पुरते.