घरचे बियाणे आणि सामायिक कोड

जालना हे बियाण्यांचे शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको कंपनी स्थापन केली आणि संकरित बियाण्यांमुळे या गावाचे नाव देशभर झाले. त्यामुळे एक फरक इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, कारण पुढच्या पिढीत त्याचे गुण टिकत नाहीत. सरळ वाणाचे बियाणे मात्र घरी राखता येते, शेजाऱ्यालाही देता येते. वर्षाकाठी भाडे भरून वापरायचे सॉफ्टवेअर आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर यांच्यातही काहीसा असाच फरक आहे.

वेबवर चालणारी कोणतीही प्रणाली घ्या, काही कामे प्रत्येकीत सारखीच असतात: वापरणाऱ्याची ओळख पटवणे, अर्ज भरून घेणे, नोंद साठवणे, कोणाला काय दिसावे हे ठरवणे. दर वेळी हा कोड नव्याने लिहिणे म्हणजे निव्वळ श्रमांची नासाडी. म्हणून तो एकदा नीट लिहून सर्वांसाठी खुला ठेवण्याची रीत पडली. या रीतीला वैचारिक बैठक दिली ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाने.

अशा चौकटी मोठ्या प्रयोगशाळांतूनच निघतात असे नाही. आज जगभर वापरली जाणारी ‘जँगो’ अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स या गावच्या स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मली. बातम्यांची संकेतस्थळे झटपट उभी करण्याच्या गरजेतून २००३ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि २००५ मध्ये ती सर्वांना खुली झाली.

त्याच २००५ मध्ये मुंबईत ‘फ्रॅपे’ या चौकटीची सुरुवात झाली. तिचे कर्ते रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा कारखाना होता. तेथे बाहेरून आणलेली व्यवस्थापन प्रणाली नीट बसेना, तेव्हा त्यांनी स्वतःच ती लिहायला घेतली. फ्रॅपेची मूळ कल्पना साधी आहे. ‘पावती’ म्हणजे काय, तिच्यात कोणते रकाने असतात, ती कोण पाहू शकतो, एवढे सांगितले की साठवणुकीचा तक्ता, भरायचा अर्ज आणि यादी चौकट स्वतः तयार करते. याच पायावर ‘ईआरपीनेक्स्ट’ ही हिशेब, साठा आणि उत्पादन सांभाळणारी प्रणाली उभी राहिली.

दोन्हींचे परवाने मात्र वेगळे आहेत. फ्रॅपेला एमआयटी परवाना आहे, म्हणजे ती घेऊन कोणी आपला बंदिस्त मालही बनवू शकतो. ईआरपीनेक्स्टला जीपीएल आहे. तिच्यात बदल करून ती दुसऱ्याला दिली, तर बदललेला कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. सामायिक ठेवा सामायिकच राहील की नाही, हे असे परवान्यावर ठरते.

पण परवाना पुरेसा नाही. घरचे बियाणेही दर हंगामात निवडावे, वाळवावे, किडीपासून जपावे लागते. २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या अकरा ओळींचा कोड त्याच्या लेखकाने सामायिक कोठारातून काढून घेतला आणि त्यावर विसंबलेले हजारो प्रकल्प अडले. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या लायब्ररीतील गंभीर त्रुटी उघड झाली. बड्या कंपन्या तिच्यावर अवलंबून होत्या, सांभाळणारे मात्र मूठभर स्वयंसेवक होते. सगळे वापरतात आणि राखत कोणीच नाही, ही सामायिक मालमत्तेची जुनी व्यथा इथेही आहेच.

जालन्याचा या इतिहासाशी संबंध येथे येतो. सळ्यांच्या कारखान्यातील वजनकाट्याची पावती किंवा मोसंबीच्या पट्टीतील हमाली-तोलाई कशी मांडायची, हे परगावच्या विक्रेत्याला ठाऊक नसते. बंदिस्त प्रणालीत त्यासाठी त्याची मनधरणी करावी लागते. खुल्या चौकटीत इथलाच तरुण तो रकाना जोडू शकतो. जोडलेले काम त्याने कोठारात परत केले, तर ते दुसऱ्या बाजारपेठेलाही उपयोगी पडते. लॉरेन्समध्ये वृत्तपत्राची आणि मुंबईत फर्निचरच्या कारखान्याची अडचण कामी आली. जालन्यात अडचणींची वाण नाही. प्रश्न एवढाच, की आपण त्या कोठारातून फक्त नेणार आहोत, की मूठभर परत टाकणारही आहोत?