कपाशीचे एकात्मिक कीड व्यवस्थापन : आधी मोजणी, मग फवारणी

प्रतिनिधी

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच हंगामाच्या अखेरीस गुलाबी बोंडअळीने राज्यातील कपाशीचे प्रचंड नुकसान केले. म्हणजे विष फवारणारी माणसे गेली आणि कीड मात्र राहिली. या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या, की 'एकात्मिक कीड व्यवस्थापन' या काहीशा बोजड शब्दांमागचा अर्थ ध्यानात येतो.

कीड समूळ नष्ट करणे हा या पद्धतीचा हेतू नाही. किडीमुळे होणारे नुकसान जोपर्यंत फवारणीच्या खर्चापेक्षा कमी आहे, तोपर्यंत फवारणी करू नये, हे तिचे पहिले सूत्र होय. या मर्यादेला 'आर्थिक नुकसानीची पातळी' म्हणतात. ती ओळखण्यासाठी झाडांवरील किडे मोजावे लागतात. तुडतुडे पानामागे दोन ते तीन, मावा अथवा फुलकिडे पानामागे दहा, तर पांढरी माशी पानामागे आठ ते दहा आढळल्यासच रासायनिक उपाय योजावेत, अशी शिफारस आहे.

बीटी कपाशीने काय साधले?

१९८० नंतर पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांचा कपाशीवर भडिमार झाला. हिरव्या (अमेरिकन) बोंडअळीने त्यांना लवकरच दाद देईनासे केले. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला मान्यता मिळाली, तर २००६ मध्ये दोन जनुके असलेले दुसऱ्या पिढीचे वाण आले. हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या त्यामुळे निश्चितच घटल्या. मात्र, रस शोषणाऱ्या किडींवर बीटीचा परिणाम होत नाही. त्यातच २०१० मध्ये गुजरातमधील गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या वाणांना पुरून उरल्याचे जाहीर झाले आणि पुढील काही वर्षांत दुसऱ्या पिढीचे वाणही तिच्यापुढे निष्प्रभ ठरले. बीटी कपाशीभोवती बिगरबीटी कपाशीच्या ओळी लावण्याची अट अळीत प्रतिकारशक्ती निर्माण होऊ नये याचसाठी होती. ती बहुतेक ठिकाणी पाळली गेली नाही.

शेतातील मित्र

ढालकिडा, क्रायसोपा आणि कोळी हे कपाशीचे राखणदार. मावा, तुडतुडे, पांढरी माशी हे त्यांचे भक्ष्य. बीटी बियाणे सहसा कीटकनाशकाची प्रक्रिया करूनच विकले जात असल्याने पहिल्या काही आठवड्यांत फवारणीची फारशी गरज नसते. त्या काळात घाईने फवारणी केल्यास प्रथम हे मित्रकीटक मरतात आणि पुढे किडीला मोकळे रान मिळते. युरियाच्या अतिवापराने पाने लुसलुशीत होऊन रस शोषणाऱ्या किडी अधिक येतात, हेही विसरता कामा नये. उपाय करणे भागच पडले, तर सुरुवात पाच टक्के निंबोळी अर्काने करावी. पाच किलो निंबोळ्यांची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, त्याचे १०० लिटर द्रावण केले जाते. बोंडअळीची अंडी नष्ट करणाऱ्या ट्रायकोग्रामा या सूक्ष्म गांधीलमाशीची कार्डेही शेतात लावली जातात.

गुलाबी अळीचे गणित

ही अळी अंड्यातून बाहेर पडताच अल्पावधीत कळीत किंवा बोंडात शिरते. एकदा आत गेली, की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पाकळ्या न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी 'डोमकळी' ही तिची पहिली खूण. अशा कळ्या वेचून नष्ट कराव्यात. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग सापडतात काय, हे पाहावे. शेतातून २० हिरवी बोंडे तोडून फोडावीत. दोन किंवा अधिक बोंडांत अळी दिसली, तरच फवारणीचा विचार करावा.

परंतु खरा उपाय हंगाम वेळेवर संपवण्यातच आहे. ही अळी प्रामुख्याने कपाशीवरच जगते. डिसेंबरअखेर शेत मोकळे झाले, तर तिचे जीवनचक्र खंडित होते. प्रत्यक्षात पाण्याची सोय असलेला शेतकरी वेचणीनंतर पुन्हा पाणी-खत देऊन 'फरदड' घेतो. हाती पैसा नसताना दोन-चार क्विंटल कापूस सोडवत नाही, हे समजण्याजोगे आहे. मात्र त्या कापसाबरोबर पुढील वर्षाची कीडही पोसली जाते. सरपणासाठी बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांतील किडकी बोंडे आणि जिनिंगमधील सरकी ही तिची आणखी आश्रयस्थाने होत.

एकट्याचे काम नव्हे

पतंगाला बांध ठाऊक नसतो. एकाने शेत मोकळे केले आणि शेजाऱ्याने फरदड ठेवली, तर पहिल्याचे श्रम वाया जातात. म्हणूनच नांदेड जिल्ह्यातील आष्टा येथे १९९८ पासून राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने ही पद्धत एकेका शेतापुरती न ठेवता गावपातळीवर राबवली. तेव्हा बीटी कपाशी आलेलीही नव्हती. निंबोळी अर्क, ट्रायकोग्रामा, बोंडअळीला रोगग्रस्त करणारा विषाणू आणि नियमित निरीक्षण यांवर तेथे भर होता. राज्याच्या कृषी विभागाने २००९ मध्ये सुरू केलेल्या 'क्रॉपसॅप' प्रकल्पातही शेतातील कीड मोजून त्यानुसार सल्ला देण्याची व्यवस्था आहे.

अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तेथे बीटी वाण, वंध्य पतंग, कामगंध आणि पऱ्हाट्यांचा नायनाट हे सारे उपाय एकत्र व सर्वत्र योजण्यात आले. आपल्याकडे क्षेत्र लहान, शेतकरी असंख्य आणि बहुतांश शेती कोरडवाहू. त्यामुळे तो मार्ग जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण एका गावाने एकाच पंधरवड्यात पऱ्हाट्या काढायच्या ठरवल्या, तर त्यासाठी ना परदेशी तंत्रज्ञान लागते, ना महागडे औषध. टळलेली प्रत्येक फवारणी ही शेतकऱ्याच्या खिशाची बचत असते. पाठीवर पंप घेऊन उभ्या पिकात शिरणाऱ्या मजुराच्या दृष्टीने मात्र तो जिवाचा प्रश्न असतो.