दोरीवरच्या कपड्यांची साक्ष

‘घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणू नयेत’ या दंडकाने स्त्रीवरील हिंसाचाराला पिढ्यान्‌पिढ्या संरक्षण दिले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केप कॉड भागातील स्त्रियांनी १९९० मध्ये नेमका तोच मोडला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हायॅनिस गावातील सार्वजनिक हिरवळीवर दोरी बांधून त्यांनी ३१ शर्ट टांगले. ‘क्लोथ्सलाइन प्रोजेक्ट’ या चळवळीचा हा आरंभ होय.

एड्सला बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ शिवलेली भव्य गोधडी १९८७ मध्ये वॉशिंग्टन येथे मांडण्यात आली होती. तिच्यावरून कलाकार रेचेल केरी-हार्पर यांना ही कल्पना सुचली. कपडे धुणे, वाळत घालणे हे बायकांचेच काम मानले जाई आणि ते करतानाच शेजारणी एकमेकींपाशी मन मोकळे करीत. म्हणून दोरी हेच प्रतीक ठरले.

अत्याचार सोसलेली स्त्री स्वतःच शर्ट रंगवते, त्यावर लिहिते वा चित्र काढते. जिचा बळी गेला, तिचा शर्ट आप्त व मैत्रिणी करतात. रंगांचे संकेत ठरलेले आहेत. पांढरा रंग हिंसाचारात मरण पावलेल्या स्त्रीचा, पिवळा मारहाणीचा, लाल, गुलाबी वा नारिंगी बलात्कार व लैंगिक हल्ल्याचा, निळा वा हिरवा बालपणीच्या लैंगिक शोषणाचा, तर जांभळा समलैंगिक म्हणून झालेल्या हल्ल्याचा. त्यामुळे मजकूर वाचण्यापूर्वीच, दुरूनही, हिंसेचे स्वरूप व व्याप्ती नजरेत भरते.

न्यायालयात स्त्रीला पुरावा द्यावा लागतो, उलटतपासणीला सामोरे जावे लागते. येथे किती सांगायचे, नाव घालायचे की नाही, हे तीच ठरवते.

दोरीचा असा वापर त्यापूर्वीही झाला होता. १९७८ मध्ये मेक्सिको सिटीत मोनिका मायेर यांनी शहरात काय खटकते, असे स्त्रियांना विचारून त्यांची गुलाबी कागदांवरील उत्तरे दोरीवर लावली. अनेकींनी छेडछाडीबद्दल लिहिले होते. भारतात बंगळुरूमध्ये जस्मीन पाथेजा यांनी २००३ मध्ये ‘ब्लँक नॉइज’ सुरू केले. छेडछाडीच्या वेळी अंगावर असलेले कपडे या उपक्रमात स्त्रिया स्वतः आणून देतात. त्यांत साधे, नेहमीच्या वापरातले कपडेही असतात. ‘तू काय घातले होतेस?’ या दोषारोपाला दुसऱ्या उत्तराची गरज उरत नाही.

दोरीवरचा शर्ट गुन्हेगाराला शिक्षा देऊ शकत नाही. परंतु आपल्यासारख्याच आणखी कितीजणी आहेत, हे तो पाहणाऱ्या स्त्रीला कळते. एकटेपणाच्या ज्या जाणिवेवर हिंसाचार पोसला जातो, तिला तडा जातो तो येथेच.