साष्टीतील ग्रामीण जीवन आणि मुंबई उपनगर जिल्हा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मुंबई उपनगर जिल्ह्याकडे बहुधा मुंबई शहराचा विस्तार म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही मुंबईच्या सात बेटांबाहेरील, साष्टी या मोठ्या बेटावरील खेडी होत. प्रस्तुत लेखात या ग्रामीण प्रदेशाच्या जडणघडणीचा आढावा घेतला आहे.

भौगोलिक रचना :
साष्टीच्या उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, दक्षिणेस माहीमची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र आहे. मध्यभागी कान्हेरीचे डोंगर असून मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर या नद्या याच डोंगराळ भागात उगम पावतात. डोंगरावर जंगल, सखल भागात भातखाचरे आणि खाडीकाठी खाजण व मिठागरे, अशी येथील जमिनीची स्वाभाविक विभागणी होती.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१५३४ च्या तहान्वये वसईबरोबर साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ मध्ये ती मराठ्यांनी जिंकली व १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांचा ताबा कायम झाला. एकोणिसाव्या शतकात अनेक गावे मुंबईतील धनिकांच्या हाती गेली. पवई हे फ्रामजी कावसजी यांच्याकडे होते. अशा इस्टेटींची महसूलमाफी १९५१ च्या कायद्याने संपुष्टात आली.

अर्थव्यवस्था व स्थित्यंतर :
भात, मीठ, मासळी, ताडी व गवत ही येथील प्रमुख उत्पादने. आगरी, कोळी, भंडारी, कुणबी, वारली व ईस्ट इंडियन समाज त्यांवर उपजीविका करीत. या मालाचा मोठा ग्राहक मुंबई शहर होते. पुढे शहराने मालाबरोबर पाणीही घेतले. विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव शहरासाठीच बांधले गेले. १८५३ च्या रेल्वेने अंतर कमी केले होतेच. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढलेला भाग 'उपनगर' ठरला. १९५० व १९५७ च्या हद्दवाढींनी मुलुंड-दहिसरपर्यंतची गावे बृहन्मुंबईत आली. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

निष्कर्ष :
२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती. शेती संपली, तथापि भूगोल संपला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाऊस असाधारण होता हे खरे. परंतु पूर्वी भरतीचे व पुराचे पाणी सामावून घेणाऱ्या खाजण जमिनींवर भराव पडला होता आणि मिठीचे पात्र आक्रसले होते, हेही तितकेच खरे. भातखाचर व मिठागर ही केवळ उत्पन्नाची साधने नव्हती. पाण्याची वाट राखणारी ती व्यवस्था होती. म्हणूनच साष्टीच्या गावांचा इतिहास केवळ गतकाळाच्या जिज्ञासेपुरता मर्यादित राहत नाही. उरलेली गावठाणे, मिठागरे व नदीपात्रे यांच्या नोंदी जतन करणे, हा उपनगराच्या नियोजनाचा आवश्यक भाग ठरतो.